चंदनाची वंशसंपदा

टिपू सुलतानाने १७९२ साली ज्यास राजवृक्ष ठरविले, त्या चंदनाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूरचा मराठीभाषी मुलूख १९५६ साली सामील झाला. आणि २००१ मधील कायद्याच्या दुरुस्तीने आपल्या जमिनीतील चंदनाची मालकी कर्नाटकातील शेतकऱ्यास लाभली, तेव्हा बांधावर चंदन लावण्याचा विचार येथेही स्वाभाविक ठरला. परंतु रोप कोणत्या वृक्षाच्या बियांचे, ही पृच्छा सहसा कोणी करीत नाही, आणि मला तरी तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

तिचे महत्त्व एका रोगावरून कळते. कोडगूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आढळलेल्या 'स्पाइक' रोगाने पाने आखडून वृक्ष वाळतात. त्यावर खात्रीचा इलाज आजही नाही. ज्या वनात वृक्षांची आनुवंशिक घडण परस्परभिन्न असते, तेथे एखादा वृक्ष रोगास तोंड देऊन तग धरण्याची शक्यता असते. पण चोरट्या तोडीने मोठे वृक्ष नाहीसे झाले की मुळांपासून फुटलेले धुमारेच उरतात, आणि ते आपापल्या मूळ वृक्षाच्या हुबेहूब प्रतिकृती असल्याने संख्येने दाट दिसणारे रानही वंशदृष्ट्या दरिद्री होते.

म्हणून बी एकाच डौलदार झाडाचे न घेता परस्परांपासून दूर असलेल्या अनेक झाडांचे घ्यावे, आणि जुन्या वृक्षांची नैसर्गिक वने जागच्या जागी राखावीत. बी निवडल्यावर रोप जगविणेही आले: चंदन अर्धपरोपजीवी, म्हणजे शेजारच्या झाडाच्या मुळांवर अंशतः जगणारे, असल्याने कोवळ्या रोपाशेजारी तूर लावतात. बिदर-कलबुर्गीच्या शेतकऱ्यास ती शोधावयास जावे लागणार नाही.