दोन पाद्र्यांचं बंड

‘फ्री प्रेस्बिटेरियन’ म्हटलं की भल्याभल्यांना उत्तर आयर्लंडचे गर्जणारे पाद्री इयन पेस्ली आठवतात. पण पेस्लींनी १९५१ साली काढलेलं अल्स्टरचं चर्च वेगळं. स्कॉटलंडचं फ्री प्रेस्बिटेरियन चर्च त्याच्या कितीतरी आधीचं, १८९३ सालचं.

हा एखाद्या साक्षात्कारी बुवाचा पंथ असावा, हाही गैरसमजच. इथे ना नवा ग्रंथ, ना नवा प्रेषित. भांडण झालं ते एका कायद्यावरून. १८४३ साली साडेचारशेहून अधिक पाद्र्यांनी सरकारमान्य चर्च सोडून फ्री चर्च काढलं. (मुंबईचे डॉ. जॉन विल्सनही त्यांच्यासोबत गेले. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज त्याच परंपरेतलं.) फ्री चर्चचा प्रत्येक पाद्री १६४६च्या ‘वेस्टमिन्स्टर कन्फेशन’ या श्रद्धाघोषणेला बांधलेला असे. चर्चनेच केलेल्या १८९२च्या ‘डिक्लरेटरी अ‍ॅक्ट’ या कायद्याने ती गाठ सैल केली. श्रद्धेच्या गाभ्यात न येणाऱ्या मुद्द्यांवर मतभेद चालतील, असं ठरलं. आणि गाभ्यात काय येतं, हे ठरवणार कोण? चर्चच! म्हणजे आज सभेत बहुमत ज्यांचं, धर्म त्यांचा. रासे बेटावरचे डोनाल्ड मॅकफार्लेन आणि शील्डेगचे डोनाल्ड मॅकडोनाल्ड या दोन पाद्र्यांनी नेमकं हेच मानायला नकार दिला आणि ते बाहेर पडले. हायलँड्समधले हजारो लोक त्यांच्यामागे गेले आणि फ्री प्रेस्बिटेरियन चर्च उभं राहिलं.

‘या चर्चच्या लोकांना संगीताचं वावडं आहे’ हे अर्धसत्य. ऑर्गन नाही, आधुनिक भजनंही नाहीत. पण बायबलमधली स्तोत्रं मात्र भरभरून गातात. एक जण सूर धरतो, बाकीचे बसल्याबसल्या साथ देतात. प्रार्थनेला उभं राहायचं. नाताळ मात्र खरोखरच साजरा करत नाहीत. बायबलमध्ये त्याची आज्ञा नाही, एवढं कारण त्यांना पुरतं.

तारण कोणाचं व्हायचं हे देवाने आधीच ठरवलंय असं ते मानतात, मग प्रचार कशाला करतील, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यांचं मिशन १९०४पासून आजच्या झिंबाब्वेत आहे. देव माणसांना प्रवचनातूनच बोलावतो, ही त्यांची धारणा.

शिस्त मात्र कडक, माझ्या मते निष्ठुरच. ब्रिटनचे तेव्हाचे लॉर्ड चॅन्सेलर लॉर्ड मॅके या चर्चचे एल्डर, म्हणजे पदाधिकारी होते. कॅथलिक सहकाऱ्यांच्या अंत्यविधीच्या मिसाला (या चर्चला वर्ज्य असलेल्या उपासनेला) गेले म्हणून त्यांना निलंबित केलं. त्या वादातून १९८९ साली चर्च फुटलं आणि ‘असोसिएटेड प्रेस्बिटेरियन चर्चेस’ हा आणखी लहान पंथ जन्माला आला.