टेपचं दुसरं टोक

विलेपार्ले पूर्वेला एखाद्या सोसायटीत पुनर्विकासाचं वारं शिरलं, की बिल्डरचा बोर्ड लागायच्या आत आम्ही दारात उभे असतो. मोजणीवाले. वीसेक वर्षं मी हेच करते आहे. लोक आधी चहा विचारतात आणि मग टेपकडे संशयानं बघतात.

लेझर यायच्या आधी टेपचं दुसरं टोक धरायला घरातलंच कुणीतरी लागायचं. एका आजोबांनी ते भिंतीला टेकवायच्या ऐवजी हळूच कोनाड्यात सारलं. खोली सात इंच वाढली. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं, "आजोबा, आता तुम्ही वाचा, मी टोक धरते." खोली मुकाट्यानं मूळ मापावर आली आणि चहाबरोबर चकल्याही आल्या.

सगळ्यात मोठी भांडणं 'कार्पेट' या शब्दावरून. जुन्या माणसांच्या हिशेबात कार्पेट म्हणजे सतरंजी पसरता येते तेवढी जागा. रेरा कायद्याच्या व्याख्येत मात्र घराच्या आतल्या भिंतींची जाडीसुद्धा धरतात. एका सभेत खजिनदार काका उठून म्हणाले, "म्हणजे बिल्डर आम्हाला भिंतीवर झोपवणार?" सभा हसली, पण काकांचा मुद्दा खरा होता. जुनं घर एका पद्धतीनं मोजायचं आणि नवं दुसऱ्या, म्हणजे वाढलेल्या फुटांतले काही फूट नुसत्या विटांचे. दोन्ही मापं एकाच पद्धतीनं लिहून मागा, असं मी तेव्हापासून प्रत्येक सोसायटीला सांगते. बिल्डरांना हे आवडत नाही.

आणि हीच व्याख्या गॅलरी वगळते. तळमजल्याचा ओटा तर खिजगणतीतच नाही. हनुमान रोडच्या बाजूला एका दुमजली घरात मी गॅलरीकडे लेझर न लावताच वळले, तर आजी म्हणाल्या, "ही राहिली की." मी म्हटलं, ही धरत नाहीत. "न धरू देत. माझी नऊवारी दुहेरी करून या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत बरोब्बर बसते, लिही." नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, निम्मे साडेतेरा. मी लेझर लावला: 13 फूट 4 इंच. रकान्यात लिहिलं: गॅलरी, 43 चौरस फूट, वगळले. खालून जाणाऱ्या भाजीवाल्याशी आजी याच 43 फुटांतून घासाघीस करायच्या. नव्या इमारतीत खालचे मजले गाड्यांना जातात. त्यांच्या वरून भाजीवाल्याला हाक मारायची तर फोनच लागतो.

घरं मोजून झाली की रस्ता. जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानानं जास्तीचं बांधकाम, किती मिळणार ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं आणि 9 मीटर ही त्यातली मोलाची पायरी. दिवसा गाड्यांमुळे टेप टाकता येत नाही, म्हणून आम्ही पहाटे दोनला जातो. एकदा रस्ता भरला 8.8 मीटर. सोसायटीचे चेहरे पडले. जुना नकाशा काढला तेव्हा खरी गंमत कळली. कधीकाळी जास्वंदीच्या वाफ्यासाठी याच सोसायटीनं कुंपणाची भिंत हळूच फूटभर पुढे सरकवली होती. ती मागे घ्यायचा ठराव त्याच आठवड्यात एकमतानं झाला. सोसायटीच्या इतिहासातला बहुधा पहिला एकमताचा ठराव.

नवी इमारत होताना रस्त्यासाठी जागा सोडते, शेजारची जुनी आपल्या जागी असते. त्यामुळे पार्ल्यातले कितीतरी फुटपाथ हल्ली दहा पावलं रुंद आणि दहा पावलं गायब असे चालतात.

मजले किती चढवायचे ते मात्र विमानं ठरवतात. धावपट्टी इतकी जवळ, की इमारतीची उंची जमिनीपासून नाही, समुद्रसपाटीपासून मोजून परवानगी मिळते. विमानतळाच्या फनेलमध्ये, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या पट्ट्यात, सापडलेल्या सोसायट्यांना एफएसआय कागदावर मिळतो, पण तो बांधायला आकाश उरत नाही. काही जुनी घरं अजून उभी आहेत ती वारशाच्या प्रेमापोटी नाही, या हिशेबापोटी. वारशावरच्या व्याख्यानात हे कुणी सांगत नाही.

वारशाचंच म्हणाल, तर पार्ले बिस्किटांचा कारखाना 1929चा. त्या बाजूला मोजायला गेलं, की वारा कुठून येतोय ते होकायंत्राशिवाय कळायचं. 2016 साली तो बंद झाला. टिळक विद्यालय 1921चं आणि लोकमान्य सेवा संघ 1923चा, म्हणजे ही दोन्ही कारखान्याहून वडील. माझ्या कुठल्याही सभेत पहिल्या दहा मिनिटांत यांचा, आणि पुढच्या दहा मिनिटांत पु. लं.चा उल्लेख होतो. मग बिल्डरकडून मिळणाऱ्या कॉर्पसची रक्कम.

पार्लं मुंबई महापालिकेत आलं 1950 साली. त्याआधीच्या घरांचे नकाशे सरकारी दप्तरात शोधणं म्हणजे नशिबाची परीक्षा. ते सापडतात घरातच. एक मला स्वयंपाकघराच्या फडताळात मिळाला, बरण्यांखाली अंथरलेला. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा आणि मधोमध लोणच्याच्या तेलाचा गोल डाग. त्यात ओटा होता, मागे तुळस होती आणि आज जिथे पंपघर आहे तिथे विहीर होती. घरातल्या तिन्ही भावांना विहिरीचा पत्ताच नव्हता. पायाच्या खोदकामाचा नकाशा त्या डागाळलेल्या कागदावरून बदलला.

तेव्हा तुमची इमारत जाणार असेल, तर सामान बांधताना फडताळं, पोटमाळा आणि देवाच्या तसबिरींच्या पाठी एकदा बघा. नकाशा सापडला तर रद्दीत घालू नका. त्याचा स्वच्छ फोटो काढा, मागे पेन्सिलीनं जागेचा सीटीएस (नगर भूमापन) नंबर लिहा आणि सोसायटीच्या फाइलला लावून टाका. गॅलरीचं मापही त्याच फाइलला लावा.