खारकेचा भाव आणि गरिबाचे माप

पवित्र रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस सुरू झाले की बाजारात शिरखुर्म्याच्या सामानाची लगबग वाढते. शेवया, बदाम, चारोळी, पिस्ता आणि खारीक. किराणा दुकानात उभी असलेली गृहिणी यादी वाचते, "खारीक अर्धा किलो." दुकानदार भाव सांगतो. ती क्षणभर थांबते आणि म्हणते, "पावच द्या." शेजारच्या ताईंच्या यादीतही खारीक असते. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली आहे, डिंकाचे लाडू करायचे आहेत. भाव ऐकून त्यांचाही हात आखडतो.

शिरखुर्मा या फारसी नावात 'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर. खारीक नसेल तर पदार्थाचे नावच अर्धे राहते. ओटीतही हळकुंड, सुपारी, बदामाबरोबर खारीक लागते. ईदची वाटी असो की सुवासिनीची ओटी, खारीक दोन्हीकडे आहे. मग तिचा भाव ठरवतो कोण?

आपल्या कच्छमध्ये खजुराची झाडे आहेत, पण फळ पिकायच्या सुमारास पाऊस येतो. म्हणून तिथली फळे बहुतांशी ओलीच विकली जातात. खारीक करायची तर फळे उकळून कडक उन्हात वाळवावी लागतात. हे काम मोठ्या प्रमाणावर होते ते सिंधमधील खैरपूर भागात. तिथली खारीक वर्षानुवर्षे अटारी सीमेवरून भारतात येत होती.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामाचा हल्ला झाला. दोनच दिवसांनी सरकारने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लावले. शंभर रुपयांच्या मालावर दोनशे रुपये कर! बाजारातील खारीक एकदम कडाडली. पुढे २२ एप्रिल २०२५ ला पहलगाम घडले आणि २ मे रोजी तिथून येणाऱ्या सगळ्या मालावर बंदी आली, मग तो थेट येवो की तिसऱ्या देशातून. तरीही मूळ देश लपवून दुबईमार्गे माल आणण्याचे प्रयत्न झाले. त्याच वर्षी जूनमध्ये न्हावाशेवा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने असे ३९ कंटेनर पकडल्याचे जाहीर केले. त्या मालात खारीकही होती.

निरपराधांचे रक्त सांडल्यावर खारकेच्या भावाची तक्रार करणे कुणालाच शोभणार नाही. देशाच्या सुरक्षेपुढे पाव किलो खारीक ती काय! पण सरहद्दीवरच्या घटनेचा हिशोब अखेर किराणा दुकानाच्या तराजूपर्यंत येतो, एवढे मात्र खरे. आणि तो तराजू गिऱ्हाईकाचा धर्म विचारत नाही.

इफ्तारच्या भज्यांचेही तसेच आहे. भारत निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झाले. कढईतले तेल महागले. मात्र याला दुसरी बाजू होती. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल असताना लातूर-विदर्भातला शेतकरी त्याहून कमी दराने माल विकत होता. त्याच्या पदरात काही पडावे म्हणून ही वाढ होती. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचे शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आणले गेले. भजी तळणाऱ्या बाईला दिलासा मिळतो तेव्हा सोयाबीनवाला चिंतेत पडतो. दोघेही साधी माणसे आणि निर्णय दोघांच्याही हाताबाहेरचा.

मग सामान्य माणसाच्या हातात उरते काय? या प्रश्नाचे एक उत्तर रमजानच्या शेवटी द्यायच्या फितऱ्यात आहे. ईदच्या नमाजाआधी घरातील प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळामागेसुद्धा, गरिबाला द्यायचे हे दान. गरिबाच्या घरीही ईदच्या दिवशी चूल पेटावी, हा त्याचा हेतू. विशेष म्हणजे त्याचे माप रुपयांत सांगितलेले नाही, जिनसांत सांगितलेले आहे. हनफी पंथात गव्हाच्या हिशोबाने माणशी साधारण पावणेदोन किलो, तर जव, खजूर किंवा मनुक्याच्या हिशोबाने त्याच्या दुप्पट. कोकणातील शाफई पंथीय मुसलमान धान्यच देतात, बहुधा तांदूळ.

जिनसांत माप ठेवण्याचे शहाणपण महागाईत कळते. रुपयांत ठरलेला आकडा दरवर्षी आतून पोखरला जातो. पावणेदोन किलो गहू मात्र पावणेदोन किलोच राहतो. युद्ध कुठेही होवो, कर कितीही वाढो, गरिबाच्या ताटातली पोळी कमी होत नाही. अट एकच, देणाऱ्याने हिशोब आजच्या भावाने करावा. मशिदीतून दरवर्षी नवा दर जाहीर होतो तो याचसाठी. तरीही 'गेल्या वर्षी इतकेच दिले होते' म्हणून जुनी रक्कम काढून देणारे कमी नाहीत. ज्याला परवडते त्याने गव्हाऐवजी खजुराच्या किंवा मनुक्याच्या हिशोबाने द्यावे, असे उलेमा आवर्जून सांगतात. तेही अनेकांच्या कानावरून जाते.

ही चूक केवळ फितरा देणाऱ्यांची नाही. धुणी-भांडी करणाऱ्या मावशींचा पगार, दुकानातल्या पोऱ्याची दिवाळीची बक्षिसी, देवळातल्या अन्नदानाची वर्गणी हे आकडेही वर्षानुवर्षे तेच राहतात. आपल्या खिशाला महागाईचा चटका बसला की आपण पहिली काटकसर करतो ती दुसऱ्याच्या वाट्यात. ज्याच्या वाट्यात काटकसर होते, त्याला तीच खारीक, तेच तेल त्याच भावाने घ्यावे लागते, हे लक्षात राहत नाही.

खारकेचा भाव अटारीला, दिल्लीला, दुबईला ठरो. तो आपल्या हाती नाही. आपल्या घरातून निघणारे माप तेवढे आपल्या हाती आहे. शिरखुर्म्यात यंदा खारीक पावच पडली तरी ईद गोडच होईल. फितऱ्याचे माप तेवढे पाव कमी पडू नये.