गर्भ पडणं म्हणजे पाडणं नव्हे

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, शेळ्या, लेकरांची शाळा, सगळं बोलतो. एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही. एखादी सखी लागोपाठ दोन बैठकांना येत नाही. तिसऱ्या वेळी येते तेव्हा चेहरा उतरलेला असतो. विचारलं तर म्हणते, “ताप होता.” मग शेजारची कानात सांगते, “दोन-अडीच महिन्यांचे दिवस होते तिला, पडलं.” आज त्याविषयीच बोलायचं आहे, आणि ते कानात नाही, मोठ्याने.

गटांच्या कामासाठी आम्ही समन्वयक बायका गावोगाव फिरतो. एक गोष्ट आम्हाला सगळीकडे दिसते. गर्भ पडला की घरात आधी विचारलं जातं, “काय केलंस?” त्या प्रश्नाच्या भीतीने बाई अंगावरून जात असलं तरी सांगत नाही. एक दिवस थांबते, दोन दिवस थांबते. आधी काळजी घ्यायची असते अंगावरून जाणाऱ्या रक्ताची. उशीर मात्र होतो तो दोषाच्या भीतीने.

पडणं वेगळं, पाडणं वेगळं

एका काना-मात्रेचा फरक, पण अर्थ किती बदलतो बघा. पाडणं म्हणजे ठरवून केलेलं. पडणं म्हणजे आपोआप झालेलं. पाचवा महिना पूर्ण व्हायच्या आत गर्भ आपोआप पडला तर डॉक्टरही त्याला गर्भपातच म्हणतात. कागदावर तो शब्द दिसला की घरचे दचकतात. म्हणून हे समजून घ्या. आपोआप गर्भ पडणं हा गुन्हा नाही. त्यासाठी दवाखान्यात जायला कोणाला घाबरायचं कारण नाही.

आणि हे फार क्वचित होतं असंही नाही. दिवस राहिल्याचं कळलेल्या १०० बायकांपैकी साधारण १० ते १५ जणींचा गर्भ पडतो. दहा जणींच्या गटात सगळ्यांची मिळून पंचवीस-तीस गरोदरपणं धरली, तर तीन-चार वेळा हे होऊन गेलेलं असणार. बोललं गेलं नाही, एवढंच.

असं का होतं?

बहुतेक गर्भ पहिल्या तीन महिन्यांतच पडतात. मूल तयार होताना आईकडून २३ आणि बापाकडून २३ रंगसूत्रं येतात आणि त्यांच्या जोड्या लागतात. एखादं जास्त आलं किंवा कमी पडलं, तर गर्भाची वाढ मध्येच थांबते. लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांचं कारण हेच असतं. शेतकरणीला हे वेगळं सांगायला नको. वाफ्यात टाकलेला प्रत्येक दाणा उगवत नाही, म्हणून काही पेरणारीचा हात वाईट ठरत नाही.

दुसरी कारणंही असतात. आटोक्यात नसलेली साखर, थायरॉईडचा त्रास, मलेरियासारखा ताप, गर्भपिशवीच्या रचनेतला दोष. वय पस्तिशीच्या पुढे गेलं की शक्यता वाढते. बापाकडूनही दोष येऊ शकतो, हे घरातल्या पुरुषांच्या कानावर घाला.

आता कशामुळे पडत नाही, तेही ऐका. जेवणात पपईची फोड खाल्ली, एसटीने माहेरी गेली, हंडा उचलला, घाबरली, रडली, नवऱ्याजवळ गेली, अमावस्येला बाहेर पडली, कोणाची नजर लागली, करणी झाली. यातल्या कशानेही चांगला वाढणारा गर्भ पडत नाही. अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. गोठ्यातली गाय गाभडली तर आपण गायीला शिव्या देत नाही, जनावरांच्या डॉक्टरला फोन करतो. सुनेच्या बाबतीत निदान तेवढं तरी करायला नको का?

मग गरोदरपणी काही जपायचंच नाही का? जपायचं आहे. मशेरी, तंबाखू, दारू बंद. फवारणीच्या कामाला जायचं नाही, फवाऱ्याचे कपडेही धुवायचे नाहीत. गाभडलेल्या गाई-शेळीचा वार उघड्या हाताने उचलायचा नाही, त्यातून येणाऱ्या रोगाने बाईचाही गर्भ पडू शकतो. डॉक्टरला विचारल्याशिवाय मेडिकलमधून गोळी आणायची नाही. फार जड ओझी आणि दिवसभर वाकून करायची कामं कमी करायची. यातलं एखादं काम हातून झालं आणि गर्भ पडला, तर ते त्याच्यामुळेच झालं असं कोणी ठामपणे सांगू शकत नाही. जपायला सांगायचं ते पुढच्यासाठी. मागचं उगाळायचं नाही.

धोका कसा ओळखायचा?

दिवस असताना थोडा डाग दिसला म्हणजे सगळं संपलं असं नाही. बऱ्याच जणींना सुरुवातीला डाग दिसतो आणि पुढे बाळंतपण नीट होतं. पण डाग दिसला की त्याच दिवशी आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना सांगायचं. सोनोग्राफी केली की गर्भाची हालहवाल कळते. कधी कधी काही त्रास नसतानाही सोनोग्राफीत कळतं, की गर्भाची वाढ थांबली आहे. त्यालाही उपचार आहेत.

पुढची लक्षणं दिसली तर मात्र रात्र असो की सणाचा दिवस, थांबायचं नाही.

एका तासात दोन मोठे पॅड किंवा कापडाच्या घड्या पूर्ण भिजतात आणि असं लागोपाठ दोन तास होतं.
ताप किंवा थंडी वाजते, अंगावरून घाण वासाचं जातं.
पोटात सहन होणार नाही इतकं दुखतं.
चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गार पडतात.
पोटात एकाच बाजूला जोरात दुखतं किंवा खांद्यात कळ येते.

शेवटचं नीट लक्षात ठेवा. कधी कधी गर्भ पिशवीत न राहता नळीत राहतो. नळी फुटली तर रक्त पोटात आत साचतं. बाहेर डाग थोडाच दिसतो, पण बाईचा जीव धोक्यात असतो. “थोडंच तर जातंय” म्हणून घरी ठेवलं तर वेळ हातची जाते. अशा वेळी १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते.

पोट चोळून घेणं, काडी किंवा मुळी घालणं, गावठी औषध पिणं, हे अजिबात करायचं नाही. आणि एखादीने आधी काही गोळी घेतली असेल तर ती डॉक्टरांना खरं सांगावी. खरं कळलं तरच उपचार बरोबर होतो.

दवाखान्यात काय करतात?

गर्भ पूर्ण पडून गेला असेल तर बऱ्याचदा काहीच करावं लागत नाही, तपासून घरी सोडतात. काही भाग आत राहिला असेल तर तीन मार्ग असतात. तब्येत ठीक असेल तर काही दिवस वाट बघणं, गोळ्या देऊन पिशवी रिकामी करणं, किंवा नळीने आतलं ओढून घेणं. या तिसऱ्याला आपल्याकडे ‘पिशवी साफ करणं’ म्हणतात. कोणता मार्ग आणि का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पिशवी साफ करणं वेगळं आणि पिशवी काढणं वेगळं. गर्भ पडला म्हणून पिशवी काढून टाकायची गरज सहसा नसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघडकीला आलं, आणि सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. म्हणून कोणी “काढूनच टाका, कटकट मिटेल” म्हणालं, तर सही करायच्या आधी जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर न विचारता सांगा. काही जणींना अँटी-डी नावाचं इंजेक्शन लागतं, ते ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं. ते राहिलं तर पुढच्या बाळाला त्रास होऊ शकतो.

नंतरचं शरीर, नंतरचं मन

आठ-पंधरा दिवस थोडं थोडं अंगावरून जाऊ शकतं. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते. पण पाळी यायच्या आधीच, पंधरा दिवसांतसुद्धा, पुन्हा दिवस राहू शकतात, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ गेला असेल तर छातीत दूध येतं. मूल नाही आणि पदर ओला होतो, याचं दुःख फार मोठं असतं. ते दूध पिळायचं नाही. अंगाला नीट बसणारं पोलकं घालायचं, गार फडकं ठेवायचं, काही दिवसांत दूध आटतं. छाती लाल होऊन ताप आला तर दाखवायचं.

रक्त गेलेलं असतं, ते भरून काढायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं आहे. हिमोग्लोबिन तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्या. चहाबरोबर घेऊ नका, लिंबू-पेरूबरोबर घ्या. पालेभाजी, मटकी, जमत असेल तर अंडी-मटण खा. बाळंतिणीला आपण डिंकाचा लाडू देतो, हिलाही घासभर जास्त वाढा.

मनाचं काय? “अजून लहानच होतं, पुढचं होईल,” असं आपण धीर द्यायला म्हणतो. पण तिने मनात नावही ठेवलेलं असतं. “बरं झालं लवकर गेलं,” “तुझ्या नशिबातच नव्हतं,” हे शब्द सुईसारखे टोचतात. त्यापेक्षा, “वाईट झालं बाई. तुझं काही चुकलं नाही. जेवलीस का?” एवढंच म्हणा. ती रडली तर रडू द्या. तिला बोलायचं नसेल तर गप्प शेजारी बसा. नवऱ्यालाही दुःख होतं, तो बोलत नाही इतकंच. त्याला दवाखान्यात बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांचं त्याच्याही कानावर पडेल.

दोन-तीन आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवण नाही, कशात जीव नाही, किंवा जगूच नये असं मनात येतं, तर तो मनाचा आजार असू शकतो आणि तो बरा होतो. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. जीव द्यायची भाषा ऐकली तर तिला एकटी सोडू नका.

पुन्हा दिवस राहताना

एकदा गर्भ पडला म्हणजे पुढेही पडेल असं नाही. बहुतेक जणींना पुढचं मूल नीट होतं. गर्भपातानंतर निदान सहा महिने थांबावं असं आपलं आरोग्य खातं सांगतं, म्हणजे अंगात रक्त भरतं. तोवर कोणतं साधन वापरायचं ते नर्सबाईंना विचारा. फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून सुरू करा. दोनदा किंवा तीनदा असं झालं असेल तर नवरा-बायको दोघांनीही तपासणी करून घ्या. त्यावर दुसरी बायको आणणं हा उपाय नाही. मातृवंदना योजनेचा पुढचा हक्कही यामुळे जात नाही, तो फॉर्म आशाताईंकडे भरता येतो.

गटाने काय करायचं?

नोकरदार बाईला कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. ज्या मैत्रिणी कंपनीत कामाला आहेत त्यांनी दवाखान्याचा दाखला देऊन ती मागावी. पण रोजंदारीने खुरपायला जाणारीला रजा कोण देणार? ती आपणच द्यायची. चार जणींनी सावडीने तिचं रान उरकून द्या. दोन वेळचं पाणी भरा. गटाच्या अंतर्गत कर्जातून दवाखान्याला लगेच पैसे द्या, त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकला आणि तसा ठराव लिहा. दंड लावू नका. कारण मात्र वहीत लिहू नका, ते तिचं आहे.

हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं, यातून तिला वगळू नका. बोलवा, आणि यायचं की नाही ते तिला ठरवू द्या. आली तर तिच्या हातून ओटी भरून घ्यायला मागेपुढे बघू नका.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं काढा आणि हे मोठ्याने वाचा. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकीचा रक्तगट, आशाताईंचा नंबर आणि १०८ लिहून ठेवा. ज्येष्ठ बायकांनी आधी बोलावं, “मलाही झालं होतं,” असं त्यांच्यातली एखादी म्हणाली की बाकीच्यांना बळ येईल. ज्या गटात हे उघड बोललं जाईल, तिथली सून डाग दिसल्यावर दोन दिवस थांबणार नाही. ती त्याच तासाला हाक मारील.

तब्येतीला जपा, एकमेकींना जपा.