वारेचा पडदा

मूल जन्मले की मागून वार पडते. आपण खड्डा करून ती पुरतो. वारेबरोबर एक पातळ पडदाही येतो. मूल पोटात ज्या पाणमोटेत वाढते, ती याच पडद्याची असते.

हा पडदा भाजलेल्या जखमेवर कातडीसारखा पसरता येतो. ऐकून नवल वाटते ना? आम्हालाही वाटले. अमेरिकेत १९१० साली डेव्हिस या डॉक्टरांनी अशा उपचाराची माहिती छापली होती.

पडद्यात असते तरी काय? त्याला दोन पदर असतात. बाळाकडचा पदर कांद्याच्या पापुद्र्यासारखा. त्याच्यावर पेशींचा एकच थर. पेशी म्हणजे शरीराच्या विटा, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या. थराखाली चिवट धाग्यांची वीण असते. मांडवावर वेल चढावा, तशी नवी कातडी या विणीवर सरकते. जखम झाकली गेल्याने आग कमी होते, ओलही टिकते. परक्याची कातडी आपले शरीर झिडकारते. हा पडदा तितका झिडकारत नाही. मात्र तो कायमची कातडी होत नाही. फार खोल भाजले, तर रोग्याचीच कातडी दुसरीकडून काढून लावावी लागते.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८८ साली अशा पडद्यांची पेढी निघाली. आधी आईची परवानगी घेतात. तिचे रक्त तपासतात. मग पडदा धुतात, वाळवतात, पाकिटात बंद करतात आणि किरणांनी त्यातले जंतू मारतात.

घरची वार मात्र जखमेला लावू नका हं! तिच्यात जंतू असतात, जखम चिघळेल.