बेकारीचे प्रकार आणि मोजणीचा संदर्भकाल

घर्षणात्मक, संरचनात्मक, चक्रीय व हंगामी असे बेकारीचे जे प्रकार केले जातात, ते कारणांवर आधारलेले आहेत. मोजणी मात्र कारणांची नव्हे, काळाची होते. काम करण्यास तयार असलेली व्यक्ती किती काळ कामावाचून राहिली, हा तिचा प्रश्न होय. म्हणून संदर्भकाल बदलला की बेकारीचे प्रमाण बदलते. इतकेच नव्हे, तर कोणता प्रकार नजरेस पडतो व कोणता निसटतो, हेही त्यावरच ठरते.

भारतात ह्या प्रश्नाचा पद्धतशीर विचार प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने केला. कौटुंबिक शेती व स्वयंरोजगार जेथे प्रधान आहेत, तेथे बेकारीचा एकच आकडा अपुरा ठरतो, हे तिच्या १९७० च्या अहवालाचे सार होय. त्यानुसार राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २७ व्या फेरीत (१९७२–७३) नेहमीची स्थिती, चालू साप्ताहिक स्थिती व चालू दैनिक स्थिती हे तीन निकष स्वीकारण्यात आले. पहिल्याचा संदर्भकाल एक वर्षाचा आहे. दुसऱ्यात आठवड्यातून एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारी गणली जाते. तिसऱ्यात प्रत्येक दिवसाचा हिशेब अर्ध्या दिवसाच्या मापाने होतो.

समजा, एका भूमिहीन मजुरास वर्षातून सात महिने काम मिळते, आणि उन्हाळ्यातील एका आठवड्यात केवळ अडीच दिवस मिळाले. पहिल्या दोन निकषांनी तो बेकार नाही. तिसऱ्याने त्या आठवड्यातील साडेचार दिवस बेकारीचे ठरतात. २००४–०५ च्या पाहणीत मुख्य व दुय्यम कामे मिळून नेहमीच्या स्थितीनुसार बेकारी २.३ टक्के होती. दैनिक स्थितीनुसार ती ८ टक्क्यांहून अधिक होती. हे अंतर बव्हंशी खंडित रोजगाराचे आहे.

दैनिक निकषासही मर्यादा आहे. चार माणसांचे काम सहाजण दिवसभर करीत असतील, तर ही प्रच्छन्न बेकारी तासांच्या हिशेबात सापडत नाही. तिच्यासाठी उत्पादकतेचेच मापन हवे.

२०१७ साली सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचे प्रमुख अंदाज पहिल्या दोन निकषांवर दिले जातात. महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेसारख्या उपक्रमास मात्र माणसे किती, याबरोबरच दिवस किती, हेही कळावे लागते. यास्तव बेकारीचा कोणताही दर उद्धृत करताना त्याचा निकष सांगणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.