हातांवरील त्वचेच्या वार्धक्याकडे दुर्लक्ष नको

कोपरगाव - चेहऱ्याची जेवढी निगा राखली जाते, तेवढी हातांची राखली जात नाही. साठी ओलांडल्यानंतर मात्र हातांची त्वचा कागदासारखी पातळ होऊ लागते. कोपरापासून मनगटापर्यंत जांभळे डाग उमटतात आणि दाराच्या कडीला हात घासला, तरी कातडी फाटते. मधुमेहींमध्ये अशी लहान जखमही चिघळू शकते. त्यामुळे हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नसून आरोग्याचाही आहे.

हाताच्या मागील बाजूस चरबीचा थर पातळ असतो आणि तैलग्रंथीही कमी असतात. वाढत्या वयानुसार त्वचेला बळकटी देणारे कोलॅजन घटते आणि ऊन ही झीज वाढविते. गोदाकाठच्या या तालुक्यात ऊस आणि कांद्याच्या शेतात राबणाऱ्यांचे हात तासन् तास उन्हात असतात. शहरात दुचाकी चालविणाऱ्यांची स्थिती वेगळी नाही. मोटारीच्या खिडकीच्या काचेतूनही अतिनील 'अ' किरण आत येतात, त्यामुळे चालकाचा उजवा हात सुटत नाही.

उन्हापासून बचाव केल्यास ही झीज रोखता येते का? ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे १९९२ ते १९९६ या काळात ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांच्या हाताच्या मागील त्वचेचे ठसे घेऊन अभ्यास करण्यात आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचे वार्धक्य इतरांपेक्षा २४ टक्के कमी आढळले. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सावळ्या त्वचेला मेलॅनिनचे काही संरक्षण असते. मात्र ते पुरेसे नसते.

अशी घ्या काळजी

- उन्हात लांब बाह्यांचे सुती कपडे वापरावेत. उघड्या भागावर किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे व दर दोन तासांनी पुन्हा लावावे.
- अंघोळीनंतर आणि हात धुतल्यावर, त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावावे. कडक पाणी आणि तीव्र साबण टाळावा.
- भांडी व धुणे करताना रबरी हातमोजे घालावेत.
- स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या सल्ल्याविना वापरू नयेत. ती दीर्घकाळ लावल्यास त्वचा आणखी पातळ होते.
- कातडी फाटल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन सुटलेला पापुद्रा हलकेच जागेवर बसवावा व न चिकटणारी पट्टी बांधावी. चुना किंवा चहा पावडर भरू नये.

जांभळे डाग बहुधा निरुपद्रवी असतात आणि काही आठवड्यांत फिके पडतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत ते अधिक दिसतात. परंतु त्या भीतीने गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे ठरते. एखाद्या डागाचा आकार किंवा रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल अथवा जखम महिनाभरात भरून येत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखविण्यास विलंब करू नये.